गोळी नियमित आहे, तरी रात्र सरत नाही

एचआयव्हीवरील औषधे आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. त्या औषधांनी जगवलेली एक मोठी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. या महिन्यात सदराकडे आलेली चार पत्रे ही औषधे घेणाऱ्या वाचकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि चारही पत्रांतला प्रश्न मनावर बसलेल्या आघाताचा आहे. पत्रलेखकांची ओळख पटू शकेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. २००८ साली यजमानांच्या आजारपणात माझीही तपासणी झाली. दोघांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तो भरल्या वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला गेला. सहा महिन्यांनी यजमान गेले. त्यांचे तेरावे होण्याआधीच दिराने मला मारहाण केली आणि चार वर्षांच्या मुलीसह रात्री घराबाहेर काढले. तेव्हापासून मी माहेरी राहते, शिवणकाम करते. एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांची, गोळी चुकवत नाही, व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) टीएनडी, म्हणजे तपासणीत न सापडण्याइतका कमी, येतो. परंतु गेल्या दोन वर्षांपासून, म्हणजे मुलीच्या लग्नाचे बोलणे सुरू झाल्यापासून, रात्री दार बडवल्याचा भास होऊन मी दचकून उठते. फिनाइलचा वास आला की तो वॉर्ड जसाच्या तसा समोर येतो. केंद्रावर जायच्या आदल्या दिवशी हातपाय गार पडतात. मागच्या महिन्यात भावालाच औषध आणायला पाठवले. सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. हे एचआयव्हीमुळे होते का? माझेच काही चुकले असेल, असे सारखे वाटते.

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेला त्रास विषाणूने थेट केलेला असण्याची शक्यता फार कमी आहे, व्हायरल लोड इतकी वर्षे आटोक्यात असताना तर अधिकच कमी. हा त्रास टेन्शन म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. तो आघातोत्तर ताणविकाराशी, ज्याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात त्या आजाराशी, बराच जुळतो. पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे, ते प्रत्यक्ष भेटीतच व्हायला हवे. मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास पुरेसे कारण तुमच्या पत्रात नक्कीच आहे.

या आजारात घडून गेलेला प्रसंग आठवणीसारखा येत नाही, तो आत्ता घडतो आहे असा अंगावर येतो. दार बडवल्याचा भास आणि फिनाइलच्या वासाबरोबर उभा राहणारा वॉर्ड हे त्याचेच रूप आहे. त्या प्रसंगाची आठवण करून देणारे सर्व काही माणूस टाळू लागतो, जसे तुम्ही भावाला पाठवले. शरीर सतत सावध राहते, झोप तुटते, हातपाय गार पडतात. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जे सहज लिहून गेलात, की माझेच काही चुकले असेल, तेही या आजाराचे एक लक्षण आहे, हे मी मुद्दाम सांगते. ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर पीटीएसडीचा विचार करायचा असतो. आघातानंतर कित्येक वर्षांनी ती ठळक होणेही अनोळखी नाही. मुलीचे लग्न म्हणजे सासरकडच्यांशी पुन्हा संबंध येणार आणि आपला आजार पुन्हा चारचौघांत उघड होण्याची शक्यता. जुने भय याच वेळी उसळले यात मला आश्चर्य वाटत नाही.

एचआयव्हीचे निदान हाच ‘आघात’ मानायचा का, यावर तज्ज्ञांचे एकमत राहिलेले नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये काढलेल्या नियमावलीत जीवघेण्या आजाराचे निदान हे आघाताचे उदाहरण म्हणून दिलेले होते. २०१३ च्या आवृत्तीत मात्र केवळ आजाराचे निदान पुरेसे नाही, असे ठरले. तुमच्या बाबतीत या वादाने काहीच अडत नाही, कारण लहान मुलीसमोर झालेली मारहाण आणि रात्री घराबाहेर काढले जाणे हा कोणत्याही नियमावलीप्रमाणे आघातच आहे. या अनुभवात तुम्ही एकट्याही नाही. अमेरिकेतील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ३० टक्के स्त्रियांमध्ये हा विकार आढळला होता, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी जोडीदाराकडून हिंसा सोसलेली होती.

इतके प्रमाण असूनही हा आजार का सुटून जातो, याविषयी माझे मत थोडे कडू आहे. डॉक्टर आणि समुपदेशक निष्ठुर असतात म्हणून नव्हे, तर ते सहानुभूतीने वागतात म्हणून तो सुटतो. ‘एवढे सोसल्यावर असे होणारच’ असे म्हटले की ऐकणाऱ्यालाही बरे वाटते आणि सांगणाऱ्यालाही, पण तपासणी तिथेच थांबते. दुःखाचे कारण समजण्यासारखे आहे, एवढ्यावरून त्याला उपचार नको असा निष्कर्ष निघत नाही. पाय का मोडला हे कळले म्हणून कोणी प्लास्टर घालायचे टाळत नाही.

निदानाआधी दोन-तीन गोष्टी पाहून घ्याव्या लागतील. पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ असे, त्यामुळे अनेकांना अतिशय ठसठशीत, भीतिदायक स्वप्ने पडत. आताच्या गोळीतील डोल्युटेग्रॅव्हिरमुळेही काहींची झोप उडते. गोळी बदलल्यानंतर काही आठवड्यांतच त्रास सुरू झाला असेल, तर ते एआरटीच्या डॉक्टरांना आधी सांगा. डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतल्याने पुष्कळांचा प्रश्न सुटतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेणेही बरे. पीटीएसडीबरोबर नैराश्य असणे तर नेहमीचेच, त्यामुळे जगणे नकोसे वाटत असल्यास ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे.

केंद्रावर जाण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. प्रकृती स्थिर असलेल्यांना आता तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची सोय आहे आणि ती उपयुक्त आहे. परंतु तुमच्या बाबतीत ही सोय किंवा भावाची मदत कायमची पळवाट झाली, तर भय कमी होण्याऐवजी मुरत जाईल. भावाला सोबत न्या, समुपदेशक ताईंना गर्दी नसलेली वेळ मागा, पण स्वतः जा. मुलीच्या सासरी तुमच्या आजाराविषयी सांगायचे की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे. तो घेण्यासाठी कायद्याने कोणी तुमच्यावर सक्ती करू शकत नाही आणि उपचार सुरू होण्याआधी तो घ्यायची घाईही नको.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो, वय ३३, समलिंगी आहे. चार वर्षांपूर्वी मोबाइलवरच्या ओळखीतून एकाला भेटायला गेलो असता तिघांनी मला खोलीत कोंडले, लैंगिक अत्याचार केले, पैसे उकळले. काही महिन्यांनी एचआयव्हीचे निदान झाले. औषधे लगेच सुरू केली. आता मानसशास्त्रज्ञ म्हणतात की तो प्रसंग पुन्हा पुन्हा सविस्तर सांगावा लागेल. धरलेली खपली काढण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि हा उपचार सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात ती असते. आठवण टाळली की काही मिनिटांत सुटका वाटते, आणि त्या सुटकेमुळेच टाळण्याची सवय घट्ट होते. आठवण मात्र आहे तेवढीच तापलेली राहते, कारण ‘हे घडून गेले, आता मी सुरक्षित आहे’ हे तिला कळण्याची संधीच मिळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेला, दीर्घ सामना म्हणता येईल असा हा उपचार ही संधी ठरवून आणि सुरक्षित जागी देतो.

तो साधारण असा चालतो. आठवड्याला एक, सुमारे ९० मिनिटांची, अशी ८ ते १५ सत्रे होतात. सुरुवातीच्या सत्रांत प्रसंग सविस्तर सांगावा लागत नाही; आजार समजावून देणे, श्वास संथ करायला शिकवणे आणि टाळल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी करणे यात ती जातात. यादीतील प्रत्येक गोष्टीपुढे ० ते १०० पर्यंत भीतीचे गुण लिहायचे असतात. आपल्या यादीत कदाचित अनोळखी माणसासोबत लिफ्टमध्ये चढणे ४० ला असेल, ते रेल्वे स्थानक ७० ला, आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात लपवलेली, हलवली की खडखडणारी गोळ्यांची बाटली ५५ ला. यानंतर डोळे मिटून, वर्तमानकाळात, ‘मी जिना चढतो आहे, दार उघडे आहे’ अशा वाक्यांत प्रसंग सांगायचा असतो. सत्राचे ध्वनिमुद्रण रोज घरी ऐकायचे असते. हे मुद्रण आपल्या फोनमध्ये राहणार असल्यामुळे त्यात खरी नावे न घेणे आणि फाइलला पासवर्ड लावणे एवढी काळजी घ्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्वप्ने वाढू शकतात. त्याची कल्पना आधी दिलेली नसेल तर लोक तिथेच उपचार सोडतात, आणि मग ‘बोलल्याने वाढले’ ही समजूत पक्की होते.

हाच एक मार्ग आहे असे नाही. अमेरिकेतीलच मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत साधारण १२ सत्रे असतात आणि भर असतो तो आघाताने मनात रुजवलेल्या निष्कर्षांवर : ‘मी गेलो म्हणून घडले’, ‘हा आजार ही शिक्षा आहे’. ही वाक्ये कागदावर लिहून त्यांचा पुरावा एकेक करून तपासला जातो, आणि प्रसंगाचे सविस्तर वर्णन न करताही हा उपचार घेता येतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मनात स्वतःला दोष देण्याची वृत्ती फार खोल असते, त्यामुळे माझा कल बहुतेक वेळा याच पद्धतीकडे असतो. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर ही तिसरी पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी तिचीही शिफारस आहे.

एचआयव्हीबाधित रुग्णांवर या उपचारांचे वेगळे अभ्यास कमी आणि लहान आहेत, हे मान्य करायला हवे. तरी अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दीर्घ सामन्याच्या उपचाराने अशा रुग्णांची लक्षणे कमी झाली होती. बालपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅथलीन सिकेमा यांनी गटात घेण्याचा उपचार तयार केला आणि पुढे त्याच विचारावर आधारलेले काम दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या परिसरातील स्त्रियांबरोबर झाले. एचआयव्ही आहे म्हणून मन हा उपचार सोसणार नाही, या समजुतीला मला कुठेही आधार सापडलेला नाही. जीव देण्याचे विचार तीव्र असतील, एखादा गंभीर संसर्ग चालू असेल किंवा अत्याचार करणारा अजूनही संपर्कात असेल, तर मात्र आधी त्याची व्यवस्था लावावी लागते. ते तिघे अजून धमक्या देत असतील तर ती आठवण नव्हे, तो चालू धोका आहे. त्यावर श्वासाचे व्यायाम नव्हे, वकील आणि तक्रार हा उपाय आहे.

मानसशास्त्रज्ञांशी एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलून घ्या. घरमालकाला किंवा ऑफिसात आपला आजार कळेल ही भीती रोगट नाही, तिला आपल्या समाजात पुरेसे कारण आहे. म्हणून ‘सहकाऱ्याला सांगून बघा’ असा गृहपाठ त्या यादीत असता कामा नये. बंद लिफ्टची भीती आणि नोकरी जाण्याची भीती यांतला फरक ज्या उपचारकाला कळत नसेल, तो उपचारक खुशाल बदला.

प्रश्न : माझा भाऊ, वय ४६, नाशिक जिल्ह्यात ट्रक चालवत असे. तीन वर्षांपूर्वी घाटात अपघात झाला आणि क्लीनर त्याच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून तो कोणत्याही गाडीत बसत नाही, झोपेत ओरडतो. तो एआरटीच्या दुसऱ्या लाइनवर, म्हणजे पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर देतात त्या औषधांवर, आहे. झोपेसाठी मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणतो, वर थोडी दारू घेतो. आता डॉक्टरांनी सर्ट्रालीन लिहून दिली आहे. एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर ती चालेल का?

उत्तर : सर्ट्रालीन बहुधा चालेल; चिंता वाटते ती अल्प्राझोलामची.

त्याआधी एक नोंद. भावाचा आघात एचआयव्हीशी संबंधित नाही, तो अपघाताचा आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाचे प्रत्येक दुःख त्या विषाणूच्या खाती जमा करण्याची आपल्याकडच्या दवाखान्यांना सवय लागली आहे, आणि त्यात असे साधे, सरळ उपचार होऊ शकणारे आजार मागे राहतात.

सर्ट्रालीन हे पीटीएसडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली मान्य केलेले औषध आहे; पॅरॉक्सेटीनला २००१ मध्ये तशी मान्यता मिळाली. सुरुवात २५ किंवा ५० मिलिग्रॅमने होते, गरजेनुसार मात्रा वाढवतात आणि ती दिवसाला २०० च्या वर नेत नाहीत. गुण यायला चार ते सहा आठवडे, काहींना अधिक काळ लागतो. ‘आठ दिवसांत काही फरक नाही’ म्हणून बंद करू नये. गुण आल्यानंतरही औषध बरेच महिने चालू ठेवावे लागते.

दुसऱ्या लाइनच्या अनेक संचांत रिटोनाव्हिर हे औषध अल्प मात्रेत असते. त्याचे कामच मुळी यकृतातील एका विकराला (एन्झाइमला) अडवून सोबतच्या औषधाची रक्तातील पातळी वाढवणे हे आहे, आणि अल्प्राझोलाम त्याच विकरावर पचनासाठी अवलंबून असते. त्यामुळे अर्धी गोळी घेतली तरी शरीरात ती मोठ्या मात्रेसारखी रेंगाळू शकते. वर दारू असेल तर गुंगी आणि श्वास मंदावणे, दोन्हींचा धोका आहे. शिवाय या गटातील औषधांनी पीटीएसडी बरा होत नाही, सवय मात्र लागते. तरीही तुम्ही ती पट्टी आज फेकून देऊ नका. रोज घेणाऱ्याने ती एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांना खरा आकडा सांगा, किती गोळ्या आणि किती दारू, म्हणजे ते दोन्ही हळूहळू उतरवून देतील.

आणखी एक सापळा फारसा कोणी सांगत नाही. सर्ट्रालीनने सुरुवातीला मळमळ, पोटात जळजळ होऊ शकते, आणि घरोघर असलेली पँटोप्राझोलची गोळी लगेच सुरू केली जाते. भावाच्या संचात अ‍ॅटाझानाव्हिर असेल तर ते औषध शोषले जाण्यासाठी पोटात आम्ल लागते. आम्ल दाबले की एआरटीच कमी पडू लागते. मूड स्थिर करण्यासाठी म्हणून कार्बामाझेपीन लिहिले गेले, तर तेही एचआयव्हीच्या बऱ्याच औषधांची पातळी घटवते. म्हणून भावाचे हिरवे पुस्तक, म्हणजे एआरटी केंद्रावरची उपचारांच्या नोंदींची वही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि सर्ट्रालीनची चिठ्ठी एआरटीच्या डॉक्टरांना. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिलेली नसणे, हे मला या सगळ्यातले सर्वांत टाळता येण्याजोगे संकट वाटते.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. २०१८ साली अमेरिकी माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला नाही, काहींना मात्र गुण येतो. रक्तदाब उतरतो, एवढे ध्यानात ठेवावे. आणि औषध चालू असले तरी गाडीची भीती गाडीजवळ गेल्यावाचून जाणार नाही : आधी उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसणे, मग गावातल्या गावात शेजारच्या सीटवरून फेरी, घाट सर्वांत शेवटी. हे उपचारकाच्या सल्ल्याने करावे. ‘बस की, काय होतंय’ असे म्हणून घरच्यांनी त्याला ढकलू नये.

प्रश्न : वय २८, कोल्हापूर. मला असाच त्रास आहे, पण मानसोपचारतज्ज्ञांना एचआयव्हीविषयी सांगावेच लागेल का? खासगी डॉक्टर परवडत नाहीत.

उत्तर : कायद्याने सांगण्याची सक्ती नाही. औषध घेणार असाल तर सांगावे, असा माझा आग्रह आहे. कारण वरच्या उत्तरात आले आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा असून १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीवाचून ही माहिती इतरांना देता येत नाही. उपचारासाठी आवश्यक असल्यास उपचार करणारे डॉक्टर ती आपसांत देऊ शकतात. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यानेही गोपनीयतेचा हक्क दिला आहे. केसपेपरच्या दर्शनी भागावर आजाराचे नाव लिहू नये, असे तुम्ही स्वच्छ सांगू शकता.

जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग चालतो, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकृती विभाग असतो. तिथे गर्दी असते आणि ९० मिनिटांचे सत्र क्वचितच मिळते, म्हणून डॉक्टरांची भेट झाल्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवण्याची विनंती आवर्जून करा. फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. एचआयव्हीविषयक शंकांसाठी १०९७ आहे. पहिल्याच भेटीत सगळी हकीकत सांगावी लागत नाही. ‘माझ्यावर एक प्रसंग गुदरला आहे, त्याविषयी मी आज बोलणार नाही, पण तेव्हापासून झोप नाही आणि माझी एआरटी चालू आहे’, एवढे सांगितले तरी डॉक्टरांना पुढचे प्रश्न विचारता येतात.